घटस्फोटाची तारीख चुकली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जेफ्री डाहमर या अमेरिकन खुन्याच्या बालपणावर पानभर लेख आला आहे. लेखकांना मी ओळखत नाही आणि त्यांच्याशी माझं काही वाकडंही नाही. लेखाची भाषा चांगली आहे. पण त्यात एक ढळढळीत चूक आहे, आणि सगळा लेख त्या चुकीच्याच खांबावर उभा आहे, म्हणून हे पत्र. आई-वडील वेगळे झाले, घटस्फोट झाला, त्याचा कोवळ्या मनावर घाव बसला आणि पोर खुनाकडे वळलं, असा लेखाचा एकूण सूर आहे. मथळ्याखाली जाड टायपात तेच सांगितलं आहे.

आता तारखा बघा. जेफ्रीचा जन्म २१ मे १९६० चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. पहिला खून त्यानं केला १८ जून १९७८ रोजी. आई-वडिलांचा घटस्फोट मंजूर झाला जुलै १९७८ मध्ये. म्हणजे कोर्टाचा कागद हाती आला तेव्हा हे पोर कोवळं नव्हतं, अठरा पूर्ण झालेलं होतं, आणि तोवर एका तरुणाचा जीवही गेला होता. कोणी म्हणेल, बाई, कागद जुलैत आला असेल, भांडणं तर आधीपासूनची ना? होतीच. वडील काही महिने आधीच घर सोडून मोटेलात राहायला गेले होते. पण मग लेखात तसं लिहा की घरात भांडणं होती. भांडणं कुणाच्या घरात नसतात? घटस्फोट हा शब्द वापरलात की तो सगळ्यांना लागत नाही, काही ठरावीक घरांनाच लागतो.

त्यातलं एक घर माझं आहे. माझी मुलगी पाच वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन मुलाला घेऊन माझ्याकडे आली. नातू सहावीत आहे. रविवारी दुपारी मी पुरवणी पसरून तिच्यावर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, फोडायला बसले होते. नातवाला शब्दकोडं हवं होतं, आणि कोडं नेमकं तिसऱ्यांच्या ढिगाखाली. ते सोडवून घेताना त्यानं शेजारचा मजकूर वाचला. पोरगा हळू वाचतो, ओठ हलवत. मग मला म्हणाला, "आजी, घटस्फोट म्हणजे मम्मी-पप्पांचा झाला तोच ना?" मी हो म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही. कोड्याचा तुकडा फाडला, पाणी झटकलं आणि आत गेला.

मी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे ही म्हातारी कुठल्या आधारावर बोलते ते कळेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी ३३ वर्षं शिकवलं आणि २०१५ साली निवृत्त झाले. आता डिचोलीला राहते. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात टायरच्या धंद्यात आहे. ते शहरच रबराचं, टायरचं. २०१२ मध्ये भाचेसुनेच्या बाळंतपणाला मी तिथं तीन महिने होते. एका रविवारी भाच्यानं गाडी बाहेर काढली आणि मेपलची पिवळी-तांबडी झालेली झाडं दाखवायला नेलं. रस्त्यात एक वळण आलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हे बाथ. तो डाहमर इथलाच." मी काच खाली केली. मोठमोठी आवारं, कुंपण नाही, गेट नाही, घरं झाडांत मागे लपलेली, एका अंगणात दोन हरणं चरत होती. माणूस एकही दिसलं नाही. आमच्या म्हादईच्या काठच्या वाड्यांवर घरं अशीच लांब लांब असतात, पण तिथं निदान कुत्रं तरी भुंकतं. ते घर मी पाहिलं नाही, पाहायची इच्छाही झाली नाही. पण भाच्याकडे त्या मुलाच्या वडिलांनी १९९४ मध्ये लिहिलेलं पुस्तक होतं. बाळ झोपलं की दुपारी मी ते शब्दकोश घेऊन वाचायची. भाचेसून म्हणायची, बाळंतिणीच्या खोलीत हे काय वाचता! पुस्तकावर वर्तमानपत्राचा कागद चढवून वाचलं.

वडील रसायनशास्त्रज्ञ. पोरगा लहान असताना शिकतच होते, १९६६ मध्ये डॉक्टरेट झाली, तोवर दिवसरात्र प्रयोगशाळेत. आई आजारी, मनानं खचलेली, औषधांवर. पोरगा चार वर्षांचा होता होता त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तो गप्प झाला असं वडिलांना वाटतं. १९६६ च्या डिसेंबरात धाकटा भाऊ झाला. त्याचं नाव ठेवायचा मान आई-बापांनी थोरल्यालाच दिला होता. आपल्याकडे आत्या रुसली असती. १९६८ मध्ये ही मंडळी बाथला आली.

आता हाडांची गोष्ट. आपल्या लेखात ती चौकटीत दिली आहे, कवटीचं चित्र काढून. मुलगा चार वर्षांचा असताना वडिलांनी घराखाली मरून पडलेल्या उंदीर-घुशींची हाडं झाडून काढली, तर हा ती हातात घेऊन खाली टाकायचा आणि त्यांचा आवाज ऐकून हरखून जायचा. पुढे एकदा जेवताना कोंबडीची हाडं बघून त्यानं विचारलं, ही ब्लीचमध्ये टाकली तर काय होईल? वडिलांना आनंद झाला. गप्प राहणाऱ्या पोरानं काहीतरी विचारलं, आणि तेही आपल्या विषयातलं! त्यांनी करून दाखवलं. संपादकसाहेब, मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला शाबासकी देऊन वर्गापुढे उभं केलं असतं. विज्ञान प्रदर्शनात पाठवलं असतं. त्या बापाचं त्या क्षणी काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि बापालाही कळलेलं नव्हतं. शेवट माहीत झाल्यावर त्यानं मागे वळून प्रत्येक दिवस उकरला. शेवट माहीत नसता तर तीच हाडं म्हणजे कौतुक झालं असतं.

त्या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट मात्र माझ्या घशात अडकली ती आजपर्यंत. लहानपणी शाळेत जेफ्रीला एक बाई आवडायच्या. त्यानं बेडकाची पिल्लं पकडली, भांड्यात घातली आणि त्या बाईंना नेऊन दिली. बाईंनी ती दुसऱ्या एका मुलाला देऊन टाकली. जेफ्रीला ते कळलं तेव्हा त्या मुलाच्या घरी जाऊन त्यानं भांड्यात मोटारीचं तेल ओतलं. पिल्लं मेली. लेखकाला यात पुढच्या खुन्याची चाहूल दिसेल. मला आधी त्या बाई दिसल्या, कारण त्यांच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

साल १९८९, पावसाळा. सत्तरीतली दोन शिक्षकांची शाळा. तिसरीत एक मुलगा होता. बाप डिचोलीच्या खाणीवर ट्रकवर होता, तो तिथंच दुसरं घर करून राहिलेला. आई काजूच्या कारखान्यात. पोरगा अबोल. एके दिवशी मधल्या सुट्टीत टेबलाजवळ आला आणि पावडरचा एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला. "बाई, हाडां हाडल्यांत," म्हणाला, म्हणजे हाडं आणलीत. मी फोंड्याची, कोंकणी माझ्याच घरची भाषा, पण त्या घाईत मला 'हाडल्यांत', आणलीत, एवढंच ऐकू आलं. वाटलं, जांभळं असतील, करवंदं असतील, पोरं काय काय आणतात. मी झाकण काढलं. आत सावरीचा कापूस, आणि त्यावर एक इवलीशी कवटी, मुंगसाची असावी, एखाद्या पाखराच्या पंखाची हाडं, साळिंदराचे दोन काटे. सगळं पांढरंशुभ्र. वास नाही, घाण नाही. वारुळावर ठेवून मुंग्यांकडून साफ करून घेतलेलं, हे मला मागाहून कळलं. हे करायला आठ वर्षांच्या पोराला किती दिवस धीर धरावा लागला असेल, ते तेव्हा डोक्यात आलं नाही. मी किंचाळले.

मग जे होतं ते झालं. मुख्याध्यापक धावून आले. डबा शाळेमागच्या व्हाळात गेला, पावसाचं पाणी होतं, दिसेनासा झाला. पोराच्या आईला बोलावणं गेलं. कामाचा दिवस बुडवून आली बिचारी, सगळ्यांसमोर तिनं त्याला दोन लगावल्या. 'बापाशिवायचं पोर' हा शब्द तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी उच्चारला. कुणीतरी म्हणजे मीच. चार दिवस तो शाळेत आला नाही. आला तो मागच्या बाकावर बसला. वर्ष संपेपर्यंत त्यानं मला काही आणून दिलं नाही, फूलसुद्धा नाही. त्यानं कशात तेल ओतलं नाही, हेही सांगते.

आपला लेख वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण सांगायला लाज वाटते. मनात आलं, तो पोरगा आता कुठं असेल? काय करत असेल? पंचेचाळिशीत असेल. म्हणजे बघा, सगळं आयुष्य मुलांत घालवलेल्या बाईच्या डोक्यात तुमच्या एका पानानं काय भरलं. सकाळी मी माझ्या वाळपईच्या जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. तो वाळपईत मोटारी रिवायंडिंग करतो म्हणे, विहिरीचे पंप, मिक्सर, पंखे. "कसा आहे माणूस?" मी विचारलं. तर त्या उसळल्याच, "कसो म्हणजे? म्हजो पंप व्हरून पंद्रा दीस जाले, अजून दिवंक ना! ताचो गुन्यांव तितलोच!" म्हणजे पंप नेऊन पंधरा दिवस झाले, अजून दिला नाही, त्याचा गुन्हा तेवढाच.

चौकटीतल्या लक्षणांबद्दलही लिहायला हवं. अंथरूण ओलं करणं, आग लावणं, मुक्या प्राण्यांना छळणं, या तीन गोष्टी दिसल्या की सावध व्हा, असं पालकांना बजावलं आहे. हे कुठून आलं? जे. एम. मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्ये एक लेख लिहिला. त्यानं तपासलेले १०० रुग्ण होते, आणि ते खुनी नव्हतेच, त्यांनी कुणाला तरी मारून टाकीन अशी धमकी दिली होती एवढंच. पुढे त्या माणसानं स्वतःच पडताळून पाहिलं तर त्याला म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. पण मूळ लेखाला पाय फुटले, दुरुस्ती घरीच बसली. आता आमच्याकडची गोष्ट घ्या. पहिलीच्या वर्गात जूनच्या पावसात किती चड्ड्या ओल्या होतात ते आमच्या शाळेच्या सेविकेला विचारा. आग म्हणाल तर नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यातला झाडून एकेक वाडा बघा, दहा-बारा वर्षांची पोरं महिनाभर खपून नरकासुर उभा करतात आणि नाचत नाचत जाळतात. त्याच पहाटे कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणारेही असतात. वाईट आहे, कान पिळायलाच हवेत. पण या हिशेबानं निम्म्या डिचोलीवर पहारा बसवावा लागेल.

मला जे खरोखर लक्षण वाटतं ते आपल्या पानावर एका ओळीत उरकलं आहे. जेफ्री चौदा वर्षांचा असल्यापासून दारू पीत होता. संध्याकाळी चोरून नव्हे, शाळेच्या वेळेत. जॅकेटात लपवून न्यायचा. वर्गातल्या एकानं विचारलं तर म्हणाला, हे माझं औषध आहे. आजूबाजूच्यांना हा नमुना वाटायचा. तो वेडेवाकडे चाळे करायचा, झटके आल्याचं सोंग घ्यायचा, पोरं खिदळायची आणि तसं कुणी केलं की त्याला 'डाहमर केला' म्हणायची. हुशार मुलांचा म्हणून गटाचा फोटो निघाला, त्यात हा जाऊन उभा राहिला. शाळेचा वार्षिक अंक छापताना ते लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा शाईनं काळा करून टाकला. फोटो तसाच छापला, एक काळा ठिपका ठेवून. १९७८ मध्ये रिव्हिअर हायस्कूलमधून तो रीतसर पास झाला. चार वर्षं पोरगा सकाळी वास मारत वर्गात बसतो आणि कुणी विचारत नाही. हाडं सगळ्यांना आठवतात, बाटली कुणाला आठवत नाही.

यावर मी कुणाला नावं ठेवायला मोकळी नाही. सत्तरीत मार्च-एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. भट्टी पेटलेली, घरातलं प्रत्येक माणूस बोंडू मळायला, पोरंसुद्धा. निरो, म्हणजे बोंडांचा रस, पितात त्याचं काही नाही, तो गोडच. पण चौथीतला एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेला उभा होता आणि त्याच्या तोंडाला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा वास. आम्ही दोघं शिक्षक हसलो. "काय रे, भट्टीरच न्हिदिल्लो?" भट्टीवरच झोपला होतास का, म्हणून विचारलं. वर्ग हसला, तोही हसला. असं त्या हंगामात तीन-चारदा झालं, आणि आम्ही तीन-चारदा हसलो. आज त्या मुलाचं काय आहे ते मला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. त्यानं कुणाला मारलं नाही, स्वतःलाच संपवत आणलं आहे.

परत घटस्फोटाकडे येते, कारण लेखकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची राहिली. पहिला खून झाला तेव्हा जेफ्री त्या घरात एकटा होता. रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या एका तरुणाला त्यानं घरी आणलं. स्टीव्हन हिक्स त्याचं नाव, वय १८. पुढचं मी लिहीत नाही. त्यानंतर एका रात्री उशिरा जेफ्री गाडी घेऊन निघाला. मागच्या सीटवर पिशव्या होत्या. गाडी रस्त्याच्या मधली रेघ ओलांडून गेली म्हणून पोलिसांनी थांबवलं. बॅटरी मारली, पिशव्यांत काय म्हणून विचारलं. कचरा आहे, टाकायला चाललोय, म्हणाला. एवढ्या रात्री? तर म्हणाला, आई-वडिलांचा घटस्फोट चाललाय, झोप येत नाही, म्हणून बाहेर पडलो. पोलिसांनी दंडाची चिठ्ठी फाडून दिली आणि जाऊ दिलं.

म्हणजे घटस्फोटाचं कारण पुढे करणारा पहिला माणूस कोण, तर तो स्वतः. आणि ते खपलं! अठरा वर्षांच्या पोरालाही कळत होतं की हे कारण सांगितलं की समोरचा माणूस मऊ होतो, पुढे विचारत नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली तरी ते खपतंच आहे, आपल्या पुरवणीतही खपलं. गंमत अशी की पुढे तुरुंगातून १९९३ मध्ये दिलेल्या मुलाखतीत त्यानंच ते मागे घेतलं. आई-बापांना, समाजाला कुणाला दोष देऊ नका, दोषी मीच, असं त्यानं सांगितलं. ते मात्र लेखात नाही.

आणि तो धाकटा भाऊ? त्याच घरात, त्याच भांडणांत वाढला. थोरला अठराचा होऊन गेलेला, तेव्हा खरा ताबा मागितला गेला तो धाकट्याचाच, कोर्टात ओढाताण झाली ती त्याची. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, माझ्या नातवाएवढा. त्यानं पुढे नाव बदललं आणि तो आपलं आयुष्य गुपचूप जगला. त्याच्या बालपणावर कोण पानभर लिहितो? त्यात चौकटीत टाकायला काहीच नाही ना.

आईवर तर लेखात सहा ठिकाणी बोट आहे. गरोदरपणात गोळ्या घेतल्या, चिडचिडी होती, अंथरुणाला खिळलेली असायची. बाप प्रयोगशाळेत होता त्याला 'व्यग्र' असा सभ्य शब्द. ही बाई पुढे कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथं एचआयव्ही झालेल्या लोकांसाठी काम करत राहिली, २००० मध्ये कर्करोगानं गेली. जेफ्रीला २८ नोव्हेंबर १९९४ रोजी तुरुंगात दुसऱ्या कैद्यानं ठार केलं, त्यानंतर या आई-बापांचं शेवटचं भांडण झालं ते मुलाच्या मेंदूवरून. आई म्हणत होती, शास्त्रज्ञांना तपासू द्या, कारण तरी कळेल. बाप, स्वतः शास्त्रज्ञ असून, म्हणत होता, जाळून टाका. १९९५ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी बापाचं ऐकलं. मी आईच्या बाजूची. पण आता मेंदू गेला, आणि उरली ती हाडं, बेडकं आणि घटस्फोट, जे ज्याला हवं तसं जुळवता येतं.

आपण गोवेकर हे कधी शिकणार देव जाणे. शिरोड्याच्या महानंद नाईकला २००९ मध्ये पकडलं, तेव्हा मी सुट्टीत फोंड्याला माहेरी होते. सोळा बायकांच्या खुनांची कबुली दिली म्हणून पेपर भरून आले. काही खटल्यांत जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी सुटला. रिक्षावाला, साधा, लग्नाचं आमिष दाखवायचा आणि दागिने घालून ये म्हणायचा. तेव्हा बाजारात त्याच्या लहानपणाबद्दल कोणी विचारत नव्हतं. माणसं विचारत होती, पहिली मुलगी १९९४ मध्ये गेली, मग पंधरा वर्षं आपण काय करत होतो? पोरगी कुणाचा तरी हात धरून गेली असं समजून किती घरं गप्प बसली. हा खरा प्रश्न होता, आणि तो आमच्या अंगाशी येणारा होता म्हणून महिन्याभरात विझला. अमेरिकेतल्या खुन्याचं बालपण कसं, दुरून बघायला सोपं. पर्वरीच्या एका हॉटेलात चार्ल्स शोभराज हा खुनी १९८६ मध्ये पकडला गेला, मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडे यांनी पकडला, तर तिथं पुतळा बसला तो शोभराजचा. लोक शेजारी बसून फोटो काढतात. मिलवॉकीच्या लोकांनी काय केलं माहीत आहे? डाहमरचं सामान लिलावात निघणार होतं, मेलेल्यांच्या घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून. १९९६ मध्ये गावातल्या व्यापाऱ्यांनी चार लाख डॉलरांवर रक्कम उभी केली, पैसे घरच्यांना दिले आणि सामान नष्ट करून टाकलं. तो राहत होता ती इमारत त्याआधीच, १९९२ मध्ये पाडली होती.

पुढच्या वेळी पान भरायचंच असेल तर ग्लेंडा क्लीव्हलंडवर भरा. २७ मे १९९१ च्या रात्री १४ वर्षांचा एक लाओसी निर्वासित मुलगा डाहमरच्या घरातून कसाबसा रस्त्यावर आला. शेजारच्या या बाईच्या मुलीनं आणि भाचीनं त्याला बघितलं. पोलिस आले, डाहमरशी गोड बोलले आणि मुलगा त्याच्या हवाली करून गेले. बाईनं फोन केला, तो मोठा माणूस आहे म्हणून सांगितलं गेलं. तिनं पुन्हा केला, पुन्हा केला. कुणी ऐकलं नाही. मुलगा त्याच रात्री गेला आणि २२ जुलैला अटक होईपर्यंत आणखी चौघे गेले. एकूण सतरा. ती बाई २०१० मध्ये वारली. तिचं बालपण कसं होतं ते वाचायला मला आवडेल.

पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायची तर ॲक्रनच्या झाडांना लावा, हरणं गेली तरी चालतील. तारखा मात्र ठेवा: खून १८ जून १९७८, घटस्फोट जुलै १९७८. आणि ही दुरुस्ती आतल्या पानावर बारीक टायपात नको. रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी छापा. आमच्याकडे ते पान दर रविवारी उघडलं जातं. येत्या रविवारी मी तिसऱ्या केळीच्या पानावर फोडीन.

नातवाच्या शाळेत पेपर जातो, म्हणून माझं नाव छापू नये. पत्ता सोबत वेगळा दिला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डिचोली